कमी खर्चातला थरारपट, विषय प्रसिद्धीची काळी बाजू: पैसा नसताना प्रसिद्धी दाखवायची कशी?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. एकांकिका स्पर्धांच्या काळापासून एकत्र काम करणारे आम्ही काही मित्रमैत्रिणी आता मराठीत पूर्ण लांबीचा थरारपट करण्याच्या तयारीत आहोत. मोठ्या निर्मात्याचे पाठबळ नाही. स्वतःची बचत, नातेवाइकांकडून घेतलेले कर्ज आणि एका मित्राचा कॅमेरा एवढ्या भांडवलावर एकंदर खर्च 25 लाखांच्या आत ठेवायचा आहे.

कथा थोडक्यात सांगतो. एका वाहिनीवरील नृत्यस्पर्धा जिंकलेली मुलगी आहे. स्पर्धेचा गाजावाजा ओसरल्यावर ती उत्सवांतल्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या आणि दुकानांची उद्घाटने यांवर दिवस काढते आहे. एका जिल्ह्याच्या गावी कार्यक्रमानंतर तिचा व्यवस्थापक लॉजच्या खोलीत मृतावस्थेत सापडतो, आणि विस्मरणात गेलेले तिचे नाव एका रात्रीत पुन्हा घराघरातल्या मोबाइलवर झळकू लागते. खून कोणी केला हे रहस्य आहेच, परंतु या मृत्यूने परत आणलेली प्रसिद्धी तिला नकोशी वाटते की मनातून हवीच असते, या प्रश्नावर चित्रपट उभा आहे.

अडचण अशी की प्रसिद्धी दाखवायला पैसा लागतो. अंतिम फेरीचा झगमगता सेट, हजारोंची गर्दी, वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे हे सगळे आमच्या आवाक्याबाहेर आहे. आमचा निर्मिती व्यवस्थापक दिवसा बँकेत नोकरी करतो. त्याच्या हिशेबाप्रमाणे अंतिम फेरीचा एकच प्रसंग एकूण पैशांतला तिसरा हिस्सा खाऊन टाकतो. तो प्रसंग काढला तर ती कोण होती हे प्रेक्षकाला कळणार कसे? ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी मार्ग सुचवावा. "पैसे जमवा" असा सल्ला कृपया देऊ नये.

टिपूर

पैसे जमवा. (क्षमस्व, राहवले नाही. वाचतो आहे.)

निशिगंधा_वाई

मी काही वर्षे रंगभूषाकार म्हणून अशा कार्यक्रमांबरोबर फिरले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुम्ही प्रसिद्धी मंचावर शोधता आहात, पण मंचावर ती फार तर पंधरा-वीस मिनिटे असते. उरलेला सारा वेळ ती गाडीत, लॉजवर आणि मंचामागच्या कनातीत काढावा लागतो. जत्रेच्या किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात कलाकाराला कपडे बदलायला मिळते ती मंडपवाल्याच्या कापडाने तीन बाजूंनी झाकलेली जागा. चौथ्या बाजूला आयोजकाचा भाचा "कोणी आत येऊ नये म्हणून" उभा असतो आणि थोड्या थोड्या वेळाने तोच आत डोकावतो. नऊवारीला लावलेल्या पिना मी मोजून लावायचे आणि मोजून काढायचे, कारण एखादी उघडी राहिली तर ती गाण्याच्या मध्यावर पोटात घुसते, आणि कलाकाराला चेहऱ्यावरचे हसू तसेच ठेवून कडवे पुरे करावे लागते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पैशाचेही तसेच. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली मंचावर चढण्यापूर्वी रोख, असा या व्यवसायातला अलिखित नियम आहे, कारण एकदा कार्यक्रम झाला की आयोजक "उद्या ऑनलाइन करतो" असे म्हणून मोकळा होतो. ही घासाघीस व्यवस्थापकच करतो. तो पायरीवर पाकिटातल्या नोटा मोजतो आहे आणि त्याच्या खांद्यामागे ती पदर सावरत बंदोबस्तावरच्या हवालदारांबरोबर सेल्फीसाठी हसते आहे, एवढे एका चौकटीत दाखवले तर ती कोण आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही. तुमचा खूनही त्या पाकिटापासून सुरू होऊ शकतो. किती माणसांचे देणे त्या व्यवस्थापकाच्या खिशात अडकलेले असते याचा विचार करून पाहा: वाद्यवृंद, गाडीवान, मागे नाचणाऱ्या मुली आणि माझ्यासारखी रंगभूषाकार. संशयित आयते हाताशी आहेत.

कृष्णाकाठ

निशिगंधाताईंनी लिहिलेले वास्तव मला मान्य आहे, परंतु मत मान्य नाही. आमच्या घरचे चित्रपटगृह होते, त्यामुळे तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला मी जवळून ओळखतो. पडता काळ त्याला तेव्हाच टोचतो, जेव्हा चढता काळ त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. कनातीमागचा अंधार कितीही खरा असला तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधारच दाखवला तर ती मुलगी त्याच्या लेखी कोणीतरी गरीब नर्तकी होऊन बसते. प्रसिद्धीची काळी बाजू असे म्हणायचे असेल, तर उजळ बाजू एकदा तरी पडद्यावर दिसली पाहिजे. तो एक प्रसंग वाचवू नका. हवे तर दुसरीकडे काटकसर करा.

ध्वनिवेडा

मूळ प्रश्नाला थोडा वेळ बाजूला ठेवतो, कारण खर्चाच्या यादीत ध्वनीचा उल्लेखच दिसला नाही, आणि कमी खर्चातले चित्रपट बहुधा इथेच मार खातात. शॉन बेकर यांचा 'टँजरीन' हा 2015चा चित्रपट आयफोनवर चित्रित झाला हे सगळेच सांगतात. त्याचा ध्वनी मात्र फोनवर घेतलेला नव्हता, त्यासाठी व्यावसायिक माइक आणि ध्वनिमुद्रक होते, हे सांगायला बहुतेक जण विसरतात. काळोखातले दाणेदार चित्र प्रेक्षक शैली म्हणून चालवून घेतो, पण संवाद कळला नाही तर तो शेजाऱ्याला विचारतो, आणि थरारपटात शेजाऱ्याला विचारणारा प्रेक्षक पुढचा दुवा हमखास हरवतो.

तुमच्या कथेत लॉजची खोली आहे, म्हणजे छताचा पंखा, शीतकपाट आणि बाहेरची वाहतूक आली. पंखा बंद करून संवाद घ्या, पंख्याचा आवाज वेगळा मुद्रित करा, आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभे करून किमान अर्धा मिनिट त्या खोलीची शांतता मुद्रित करा. संकलनात दोन तुकडे जोडताना ती लागतेच. मंचाचा प्रसंग कराल तेव्हा जनरेटर शक्य तितका लांब, एखाद्या भिंतीआड ठेवा आणि जास्तीच्या केबलचे भाडे निमूटपणे भरा. "नंतर डबिंग करून घेऊ" हे वाक्य आपल्या चमूत कोणी उच्चारू नये, कारण सगळ्यांना पुन्हा एकत्र आणून डबिंग करण्याचा खर्च चांगल्या ध्वनिमुद्रकाच्या मानधनाहून क्वचितच कमी असतो.

आणि एक गोष्ट तुमच्या विषयाला धरून. हजारोंची गर्दी पाहायला महाग असते, ऐकायला स्वस्त असते. ती कनातीत आरशासमोर बसली आहे आणि कापडापलीकडे तिचे नाव घेऊन शिट्ट्या चालल्या आहेत, या दृश्याला एक आरसा, एक बल्ब आणि ध्वनीचा नीट रचलेला थर एवढेच पुरते.

पाणंद

ध्वनिवेडा यांच्याशी सहमत, आणि गर्दी थोडीफार फुकटही मिळू शकते. खऱ्या उत्सवात चित्रीकरण करताना नेहमीची तक्रार अशी असते की बघे लोक कॅमेऱ्यात पाहतात, हात हलवतात, मोबाइल उंचावतात आणि दृश्य वाया जाते. आपल्या कथेला नेमके तेच हवे आहे! कॅमेरा नायिकेच्या नजरेच्या जागी धरा आणि विसर्जन मिरवणुकीच्या किंवा दहीहंडीच्या गर्दीतून चालत जा. भिंगात रोखून पाहणारा प्रत्येक चेहरा तिच्याकडे पाहणारा चाहता होतो. पुढच्या दृश्यात तिचा चेहरा स्वतंत्र, शांत ठिकाणी घ्या. परवानगी अर्थातच घ्यावी लागेल, पण ज्युनिअर आर्टिस्टांचे मानधन, जेवण आणि वाहतूक वाचते.

खुनानंतर हेच दृश्य पुन्हा आणता येईल. माणसे तितकीच टक लावून पाहतील, फक्त आता कोणी हसणार नाही. त्या दुसऱ्या वेळी मात्र ओळखीचे पंधरा-वीस लोक लागतील, कारण अनोळखी माणसाला "हसू नका" असे सांगितले की तो हमखास हसतो.

मध्यमा

पाणंद यांची कल्पना दृश्य म्हणून उत्तम आहे, परंतु मला तिच्यात एक खोच दिसते. ज्या चित्रपटाचा विषयच माणसाला न विचारता त्याचे चित्रण करणे हा आहे, त्याने शेकडो लोकांचे चेहरे न विचारता वापरावेत का? सर्वसाधारण गर्दी चालेल. जो चेहरा मोठा दिसतो आणि लक्षात राहतो, त्याच्याकडून तरी लेखी संमती घ्यावी. लहान मुलांचे चेहरे तर टाळावेतच.

पाणंद

मान्य. एक माणूस संमतिपत्रांची फाइल घेऊन कॅमेऱ्याच्या मागे चालू शकतो. मिरवणुकीत ते कितपत जमेल हा प्रश्न उरतोच, म्हणून चेहऱ्यांची निवड संकलनात कठोरपणे करावी लागेल.

सनद

अर्धविराम, पटकथेत "तीनशे दोन लावा" असे वाक्य असेल तर आताच खोडून टाका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून खुनाच्या शिक्षेचे कलम 103 आहे. जुना हवालदार सवयीने तीनशे दोन म्हणेलही, पण मग दुसऱ्याने त्याला टोकले पाहिजे. तेवढ्यानेच प्रसंग खरा वाटेल.

दुसरे असे की लॉजवर प्रेत सापडले की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतो, असे चित्रपटात दाखवतात. प्रत्यक्षात मृत्यूचे कारण उघड दिसत नसेल तर आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे चौकशी आणि मरणोत्तर पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला जाते, आणि विषबाधेची शंका असल्यास व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवतात. तो अहवाल येईपर्यंत काही काळ जातो. तुमच्या कथेला हाच मधला काळ हवा आहे. या काळात ती कायद्याच्या दृष्टीने आरोपी नाही, जगाच्या दृष्टीने मात्र रोज कोणीतरी आहे: आज शोकाकुल, उद्या संशयित, परवा एखाद्या कार्यक्रमाची पाहुणी. तिचे मानधन या दिवसांत वाढत जाते, असे मी पटकथाकार असतो तर लिहिले असते.

खर्चाची बाबही सांगतो. ग्रामीण भागातल्या गुन्ह्यांचा तपास अनेकदा जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा करते, आणि पोलीस ठाण्यांमधले गुन्हे प्रकटीकरण पथक साध्या कपड्यांत काम करते. तुमचे दोन मुख्य पोलीस तिथले दाखवले तर गणवेशांचा आणि रस्त्यावर गणवेश घालून चित्रीकरण करण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. नकली पिस्तूल बाहेर काढायचे असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवल्याशिवाय काढू नका. शेवटचा मुद्दा सीसीटीव्हीचा. लॉजच्या यंत्रातली जुनी चित्रणे ठरावीक काळाने आपोआप पुसली जातात, आणि राहिलेले चित्रण न्यायालयात सादर करायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पुरावा मोबाइलवर सगळ्या गावाने पाहिलेला आहे, पण न्यायालयात तो उभा राहत नाही, अशी परिस्थिती त्यातून सहज उद्भवते.

टिपूर

सनद यांचा प्रतिसाद वाचून माझ्या शेजारच्या गृहस्थांनी खून करण्याचा बेत रद्द केला आहे. कागदपत्रे फार लागतात म्हणाले.

दक्षिणायन

बंगळुरूहून लिहितो आहे, त्यामुळे इथले उदाहरण देतो. पवन कुमार यांचा 'लुसिया' हा 2013चा कन्नड चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. निर्माता मिळेना, तेव्हा दिग्दर्शकाने इंटरनेटवरून आवाहन केले आणि शंभरावर प्रेक्षकांनी मिळून सुमारे 50 लाख रुपये उभे केले. त्याच वर्षी लंडनच्या भारतीय चित्रपट महोत्सवात त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. महत्त्वाचे म्हणजे विषय तुमच्या जवळचा आहे. निद्रानाश जडलेला, चित्रपटगृहात बॅटरी घेऊन लोकांना जागा दाखवणारा तरुण आणि एक प्रसिद्ध नट, अशी दोन जगे त्यात समोरासमोर ठेवली आहेत. शेवट सांगणार नाही.

नटाचे जग त्यांनी कृष्णधवल ठेवले आहे. पैसा कमी असताना रंग काढून घेणे हा उपाय मला फार समंजस वाटला, कारण झगमगाटातले उणेपण त्यात झाकले जाते आणि प्रसिद्धी थोडी परकी, थोडी गोठलेली दिसते. कृष्णाकाठ यांना हवी असलेली उजळ बाजू अशी आडमार्गाने आणता येईल.

ताळेबंद

दक्षिणायन यांचे उदाहरण प्रेरणादायी आहे, तरी पैसे गोळा करण्याच्या पद्धतीबद्दल सावध करतो. देणगी म्हणून किंवा तिकिटाच्या बदल्यात रक्कम घेणे वेगळे, आणि "इतके गुंतवा, नफ्यातून इतके परत" असे जाहीर आवाहन करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019चा कायदा आणि कंपनी कायद्याचे नियम आडवे येऊ शकतात. खाजगी कंपनीलाही समभाग देऊन भांडवल उभारताना एका आर्थिक वर्षात 200 व्यक्तींपलीकडे खाजगी प्रस्ताव देता येत नाहीत. 'मंथन' या चित्रपटासाठी 1976 साली गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले, हे प्रत्येक चर्चेत कोणीतरी सांगतेच, म्हणून मीच सांगून टाकतो. त्यांच्या पाठीशी सहकारी संघ होता, आपल्या पाठीशी फक्त समाजमाध्यमांवरचा गट आहे.

कलाकार मित्र असले तरी करार लेखी करा. "नफा झाल्यावर देऊ" या वाक्यातला नफा म्हणजे कोणती रक्कम, कर्ज फेडण्यापूर्वीची की नंतरची, हे कागदावर नसेल तर चित्रपट चालला तरी मैत्री चालत नाही. राज्य शासनाची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीची अर्थसाहाय्य योजना आहे, पण परीक्षण चित्रपट पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर होते. ते पैसे आजच्या अंदाजपत्रकात धरू नका.

आणि आपली नायिका नर्तकी आहे! ती नाचणार कोणत्या गाण्यावर? खऱ्या कार्यक्रमात कोणतेही गाजलेले गाणे वाजते, पण चित्रपटात ते वाजवायचे तर हक्क विकत घ्यावे लागतात, आणि एका लोकप्रिय गाण्याची किंमत तुमच्या सेटच्या खर्चाला मागे टाकू शकते.

अर्धविराम

ताळेबंद, गाण्याचा मुद्दा वाचून आमच्या बैठकीत बराच वेळ शांतता पसरली. पटकथेत तीन गाणी नावानिशी लिहिलेली होती, ती आता गेली. सनद, कलम आणि पथक दोन्ही दुरुस्त करत आहोत, मनापासून आभार.

ओवी

गाण्याला मार्ग आहे. भारतात साहित्यकृतीवरचा हक्क सर्वसाधारणपणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. राम जोशी, होनाजी बाळा ही तर पेशवाईच्या अखेरच्या काळातली मंडळी, आणि पठ्ठे बापूरावांचे निधन 1945 साली झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या लावण्यांचे शब्द आता सर्वांसाठी खुले आहेत. खबरदारी एवढीच की आज आपण ऐकतो ती ध्वनिमुद्रिका किंवा अलीकडे बांधलेली चाल खुली असेलच असे नाही. शब्द जुने घ्या, चाल आपल्या संगीतकाराकडून नवी बांधून घ्या, आणि त्याच्याशीही करार करा.

याने कथेलाही फायदा होईल. वाहिनीवर जिंकताना ज्या लावणीवर तिने अदब राखून नृत्य केले, तीच लावणी वाढदिवसाच्या मंचावर तिला दुप्पट गतीने आणि ढणढणाटी ठेक्यावर नाचावी लागते. एकाच गाण्याचे दोन अवतार ऐकवले की तिच्या आयुष्यात मधल्या काळात काय झाले ते संवादाविना कळेल.

मध्यमा

ओवी, हे फारच सुंदर सुचवले आहे.

मला मात्र कथेच्या मुळाशी जायचे आहे. ज्याचा मृत्यू होतो त्या व्यवस्थापकाबद्दल मूळ लेखात एकही वाक्य नाही. तो सापडतो आणि नायिका प्रसिद्ध होते, म्हणजे चित्रपटही त्याला वृत्तवाहिन्यांप्रमाणेच वापरून घेतो. त्याची बायको लॉजवर येते तेव्हा तिच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही, हे दृश्य तुमच्याकडे आहे का? तसेच, खऱ्या कलाकारांच्या मृत्यूंवर वाहिन्यांनी जो अनेक दिवस तमाशा केला तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ओळखू येईल असा एखादा खरा प्रसंग उचलून त्यावर काल्पनिक खुनी चिकटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीला "साधर्म्य योगायोग समजावा" अशी पाटी टाकल्याने कोणत्याही आईवडिलांचे दुःख कमी होत नाही.

काळी बाजू म्हटले की अमली पदार्थ आणि निर्मात्याचे शयनगृह एवढेच आठवते, याचाही कंटाळा आला आहे. पैसे न मिळणे ही त्याहून सार्वत्रिक काळी बाजू आहे. मालिकांतल्या कलाकारांचे मानधन साधारण 90 दिवसांनी हाती येते, ही या क्षेत्रातली जुनी रीत आहे. पडद्यावर रोज शालू नेसून मिरवणारी मुलगी भाड्यासाठी मैत्रिणीकडे उसने मागते, यात थरार नाही असे कोण म्हणेल?

कृष्णाकाठ

मध्यमाताई, मी म्हणेन. उसनवारीवर तिकिटे खपत नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत प्रेत दिसले पाहिजे आणि मध्यंतराला दुसरा संशय उभा राहिला पाहिजे. त्यानंतर तुम्हाला मानधनाची रीत जितकी समजावून सांगायची तितकी सांगा, प्रेक्षक ऐकेल.

निशिगंधा_वाई

कृष्णाकाठ, प्रेत पहिल्या दहा मिनिटांत आणि व्यवस्थापकाची उसनवारी त्यानंतर मागे जाऊन, असे दोघांचेही समाधान होऊ शकते. त्याच्या वहीत सगळ्यांच्या नावापुढे उरलेली रक्कम लिहिलेली असते. मी ज्यांच्याबरोबर काम केले त्यातल्या एकाकडे तर लहान मुलांची चौकटीची वही होती. तपास त्या वहीतूनच पुढे सरकू द्या.

फिरस्ता_पणजी

कॅमेऱ्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही आणि बोलूही नये, मित्राचा जो आहे तो पुरेसा आहे. मला तालमींबद्दल सांगायचे आहे. ख्रिस्तोफर नोलान यांचा पहिला चित्रपट 'फॉलोइंग' 1998 साली आला. सगळे नोकरीधंदा करणारे असल्याने त्यांनी तो साधारण वर्षभर शनिवारी शनिवारी चित्रित केला. फिल्म महाग, म्हणून नाटकासारख्या भरपूर तालमी करून बहुतेक दृश्ये एक-दोन टेकमध्ये संपवली. आज फिल्मचा खर्च नाही, पण लॉजच्या खोलीचे भाडे, रात्रीची शिफ्ट आणि माणसांचा थकवा आहेच. एकांकिका केलेल्या मंडळींना तालीम शिकवावी लागत नाही, हे तुमचे मोठे भांडवल आहे. तुकड्यातुकड्याने चित्रीकरण करणार असाल तर एकच सांगणे: मुख्य कलाकारांचे केस, दाढी आणि वजन यांवर कोणीतरी जागता पहारा ठेवा.

महोत्सवांबद्दलही सांगतो. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, सुमारास भरणाऱ्या फिल्म बाजारात अपूर्ण चित्रपट दाखवण्याचीही सोय असते. कच्चे संकलन तयार असेल तर तिथे अर्ज करावा. त्याआधी उत्साहाच्या भरात संपूर्ण चित्रपट किंवा त्याचे मोठे तुकडे इंटरनेटवर टाकू नका, कारण अनेक महोत्सव पहिल्या प्रदर्शनाचा आग्रह धरतात.

सनद

प्रमाणपत्राचेही ध्यानात असू द्या. 2023च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या चित्रपटांचे) 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन वयोगट झाले आहेत. व्यवस्थापक सिगारेट ओढणारा दाखवणार असाल तर चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी संदेश आणि त्या दृश्यांत खाली इशारा हे बंधनकारक आहे. थरारपटात ऐन क्षणी खाली अक्षरे उमटली की भीती ओसरते. त्याला सुपारी-बडीशेपेची डबी द्या. लॉजच्या दारात कुत्रे हवे असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, म्हणून कुत्रे फक्त ऐकू येऊ द्या, ध्वनिवेडा आहेतच.

ध्वनिवेडा

कुत्री माझ्याकडे भरपूर आहेत. गल्लीनिहाय वर्गवारी करून ठेवली आहे.

अर्धविराम

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आहेत आणि आतापर्यंत जे ठरले ते लिहितो.

अंतिम फेरी काढलेली नाही, पण तिचा सेटही उभारणार नाही. एखाद्या नाट्यगृहाचे सकाळचे सत्र घेऊन, मागे काळा पडदा, एक फॉलो स्पॉट (नर्तकीच्या मागे फिरणारा प्रकाशझोत), पुढच्या रांगांत चाळीसेक परिचित मंडळी आणि ओवी यांनी सुचवल्याप्रमाणे एक जुनी लावणी, एवढ्यावर तो प्रसंग एकदाच चित्रित करायचा. मात्र तो मोठ्या पडद्यावर पूर्ण आकारात कधीच दाखवायचा नाही. तो फक्त इतरांच्या मोबाइलवर, कोपऱ्यात काल्पनिक वाहिनीचे चिन्ह असलेल्या जुन्या, फुटक्या चित्रफितीच्या रूपात दिसेल. लॉजवरचा पोऱ्या ती पाहील, आयोजकाचा भाचा पाहील, गुन्हे प्रकटीकरण पथकातला शिपाई जेवणाच्या सुट्टीत पाहील, आणि व्यवस्थापकाची बायको ती अर्ध्यावर बंद करील. तळहाताएवढ्या पडद्यावर चाळीस माणसांचे भरलेले नाट्यगृह होते, असा आमच्या छायालेखकाचा विश्वास आहे. मध्यमा, व्यवस्थापकाच्या बायकोला आता चार प्रसंग मिळाले आहेत, आणि वही तिच्याच हाती लागते.

नायिकेला ती प्रसिद्धी हवी असते की नको, यावर लेखकांत अजून भांडण चालू आहे. माझे मत असे की तिसऱ्या दिवशी ती लॉजबाहेर पडण्यापूर्वी, कोणी सांगितलेले नसताना, लिपस्टिक लावते. तेवढे दाखवून पुढे जावे.

कृष्णाकाठ

मोबाइलमधली उजळ बाजू पुरेल की नाही याबद्दल माझी शंका कायम आहे. चित्रफीत तयार झाली की आमच्या गावी आणा. ओळखीच्या दहा-पंधरा जणांना दाखवू, कोणी दुसऱ्यांदा मागितली तर मी माझा आक्षेप मागे घेईन. लिपस्टिकचा प्रसंग मात्र ठेवा.

निशिगंधा_वाई

लिपस्टिक लावल्यावर ती बोटाने थोडी पुसून फिकी करील. कॅमेऱ्यासमोर शोक करायला बाहेर पडणारी बाई गडद रंग ठेवत नाही, आणि उघड्या ओठांनीही जात नाही.

ताळेबंद

नाट्यगृह महापालिकेचे असेल तर नाट्यप्रयोगाचे भाडे आणि चित्रीकरणाचे भाडे यांचे दर वेगवेगळे असू शकतात. तारीख घेण्यापूर्वी अर्जात चित्रीकरण असे स्पष्ट लिहा, नाहीतर ऐन सकाळी व्यवस्थापक दिवे लावू देणार नाही.

टिपूर

त्या चाळीस जणांत माझे नाव लिहावे. मी तिसऱ्या रांगेत बसून स्वतःच्या मोबाइलवर संपूर्ण नृत्याचे चित्रण करीन, तेही तुम्हाला वापरता येईल. अट एकच, पोहे मिळाले पाहिजेत.

अर्धविराम

पोहे मिळतील. चाळीसही जणांना आपापले मोबाइल चार्ज करून आणायला सांगणार आहोत, कारण निरनिराळ्या रांगांतून घेतलेले तेच चित्रण आम्हाला जास्त उपयोगी पडेल. फक्त मोबाइल उभा धरा, आणि मध्येच कोणाचे डोके आडवे आले तर ते टाळू नका.